तीजांकाकीचा फोग

बिकानेरच्या त्या वस्तीत तीजांकाकीला सगळे हसत. लोक गुलाब लावतात, तुळस लावतात. ही पाण्याच्या टाकीमागच्या रेताड तुकड्यात वाळक्या काटक्या जपत बसे.

"काकी, सरपणाला कुंपण घालतेस होय?" शेजारची संतोष विचारायची.

"सरपण नाही गं, फोग आहे. आणि ती बादली ने परत. जास्त पाण्यानं मरतो तो. तुझ्यासारखा लाडावलेला नाही."

तीजां वाळूच्या टेकड्यांमधल्या गावची. कालवा आला, टेकड्या नांगरल्या गेल्या, त्यांच्यावरची फोगाची झुडपं संपली. नवरा खींवाराम मुलाकडे शहरात आला तो अर्धाच. नातवंडांची नावं विसरला. भाकरी नको म्हणू लागला. मागायचा ते एकच, फोगल्याचं रायतं. फोगाच्या कळ्या उकडून दह्यात कालवायच्या, बस. बाजारात त्या कुठे दिसेनात. म्हणून तिनं बी मिळवून पेरलं आणि वर्षानुवर्षं वाट पाहिली.

यंदा फाल्गुनात कळ्या धरल्या. मोहरीएवढ्या. होळी झाली की खुडायच्या, असं तिनं ठरवलं. खींवारामला हाताला धरून टाकीमागे नेलं, दाखवलं. तो बराच वेळ झुडपावरून हात फिरवत राहिला. त्याला ओळख पटली, एवढ्यानंच तिचे डोळे भरून आले.

होळीच्या संध्याकाळी ती पूजेचं ताट घेऊन चौकात गेली. खींवाराम आधीच तिथे होता. धोतर वाळूनं माखलेलं, हातात कुदळ. असा ताठ तो कित्येक दिवसांत उभा राहिला नव्हता.

"फोगाशिवाय कसली होळी?" तो सगळ्यांना ऐकवत होता. गावात होळीचा फोग आणायचा मान त्याचाच असे. "मुळासकट काढलाय. खरी आग मुळात असते."

संतोषचा चेहरा उतरला. "काकी, आम्हाला वाटलं, तूच पाठवलंस त्यांना."

"मीच पाठवलं," तीजां म्हणाली.

फोग ओला असला तरी जळतो. तो लगेच पेटला. खींवाराम हसत होता. तिनं पदर सावरून प्रदक्षिणा घातली.

घरी येऊन तिनं दही घुसळलं, जिरं-मीठ घातलं, वाटी त्याच्यापुढे ठेवली. त्यानं बोटानं तळ चाचपला.

"फोगला कुठाय?"

"अजून फुलायचाय."

"मग थांबतो," तो म्हणाला, आणि वाटी बाजूला सारली.