पोटावर ठेवलेला हात

अकोल्याच्या फलाटावर आईने माझी ओटी भरली, ती भिंतीकडे वळून, कोणाला दिसू नये अशी. माहेरी बाळंतपणाला आलेली मुलगी मूल घेऊन परतते. मी रिकाम्या हातांनी निघाले होते. जन्मताना मूल रडलेच नव्हते. तरीही रिवाजाप्रमाणे सव्वा महिना आईने माझे पोट जुन्या लुगड्याच्या पट्टीने आवळून बांधले होते. "पोट झाकून बस वं, वारं लागते," एवढेच ती खिडकीशी म्हणाली. यजमानांची अमरावतीला बदली झाली होती. बडनेऱ्याला गाडी बदलून मी त्या अनोळखी गावात उतरले.

लिहिण्याचे धाडस मी फार उशिरा करते आहे. व्यायामाचेही तसेच, तिशी उलटल्यावर. पुन्हा मूल झाले नव्हते. मी शिकलेली होते, शरीरशास्त्राचा धडा मला पाठ होता. पण स्नान करताना मी स्वतःकडे पाहत नसे. आरशात पाहायची ती कुंकवापुरते, कपाळापर्यंत.

मुलींच्या शाळेत दुपारी बायकांचा व्यायामाचा क्लास भरे. शेजारच्या सुमनताईंनी मला ओढूनच नेले. लुगड्याचा काष्टा कसून सतरंजीवर उताणे पडायचे, श्वास सोडत पोट आत घ्यायचे, कणा जमिनीला टेकवायचा आणि पाय सावकाश उचलायचे. "हात पोटावर ठेवा," शिकवणाऱ्या बाई म्हणत. सगळ्या ठेवत. माझा हात सतरंजीवरच राही. बाईंना ते दिसे; त्या पुढच्या बाईकडे वळत. एक हिवाळा असा गेला. मग एका दुपारी, का ते सांगता येत नाही, मी हात ठेवला. पोट उबदार होते. निमूट वरखाली होत होते. ज्याला मी इतकी वर्षे अपराधी मानले, ते माझ्यासाठी श्वास घेत होते. त्या संध्याकाळी वेणी घालताना आरशात मी कपाळाच्या खालीही पाहिले.

उन्हाळ्यात आई आली. भरदुपारी मला जमिनीवर पडलेली पाहून ती फोडलेला कांदा घेऊनच धावली.

"काय करून राहिली वं तू? मले वाटलं, भोवळ आली!"

"व्यायाम करते आहे, आई."

"घरचं काम कमी पडलं का? दिवसा उताणं पडते ते मढं."

"तूही पड ना जरा."

"काहून? मी मेली का आता?"

आम्ही दोघीही हसलो. परत जाण्याच्या आदल्या दुपारी मात्र तिने आपणहून कडी लावली. "कसं पडते, दाखव," म्हणाली. पावलांपर्यंत लुगडे ओढून घेत ती आडवी झाली. तोवर मी तिला दिवसा कधी आडवी पाहिली नव्हती. तिची कंबर जमिनीला टेकतच नव्हती. मी तिचा तळवा उचलून तिच्या पोटावर ठेवला. ती आढ्याकडे पाहू लागली.

"तुह्या आंधी मायी दोन लेकरं गेली वं," ती म्हणाली. "एकाचं तं नावबी ठेवलं होतं म्या."

"कधी बोलली नाहीस, आई."

"कोनाले सांगू? कोनी इचारलंच नाई."

"काय नाव होतं?"

दारावर थाप पडली. यजमान कचेरीतून लवकर आले होते. आई झटकन उठली, पदर सावरला. "सांगीन पुढच्या खेपेले," म्हणत ती चुलीकडे गेली.

पुढची खेप आलीच नाही. पावसाळा सरता सरता आई गेली.

माहेरच्या गावीच राहिलेल्या आणि माझ्यासारख्या दूर गेलेल्या बायांनो, मी अजूनही अकोल्याला जाते. वहिनी मायेने ठेवून घेते. दुपारी घर शांत झाले की मी माजघरात सर्वांदेखत आडवी होते. आता संकोच वाटत नाही. माझ्याही आधी कधीतरी याच माजघरात आईने एका मुलाला नावाने हाक मारली होती. ती हाक कोणती, हे विचारावे असे तिथे आता कोणी नाही. माझ्यापुरते माहेर ते एवढेच उरले आहे: ते माजघर आणि ती न कळलेली हाक.