आधी बदकांचा, मग माझा

दवाखान्यात तिला सगळे एक्सरेबाई म्हणत. बावीस वर्षं ती दिवसभर एकच पाठ म्हणत आली होती : "श्वास घ्या. रोखून धरा. सोडा." पेशंट जरा हलला की फोटो पुन्हा. हललेला फोटो तिच्या हातून कधी डॉक्टरांच्या टेबलावर गेला नव्हता.

आणि तिचाच नवरा दोन महिने खोकत होता.

"भुसा जातो गं घशात. सुतार खोकणार नाही तर काय गाणार?"

"भुसा तीस वर्षं जातोय. खोकला या थंडीतला आहे. चला, दहा मिनिटांचं काम."

"तुझ्या बदकांचा एक धड फोटो निघू दे. मग माझा काढ."

त्याने हे हसत हसत म्हटलं, कारण त्यात धोका नव्हता. वीटभट्टीमागच्या तळ्यावर हिवाळ्यात रानबदकं उतरत आणि लेकीने दिलेला जुना कॅमेरा घेऊन ती तीन हिवाळे त्यांच्या मागे होती. पदरात काय पडलं होतं, तर शेपट्या आणि रिकामं पाणी. पण आता तिने त्याला शब्दात पकडलं. उजाडताच ती निघू लागली. काठ निसरडा म्हणून तोही यायचा, तिच्यासाठी केलेलं बुटकं स्टूल काखेत मारून.

बदकं लव्हाळ्यातून बाहेर येत. ती श्वास रोखून धरी. तेवढ्यात मागून खोकला. सगळ्या माना एकदम ताठ, पाण्यावर फडफडाट, आणि तळं मोकळं. असं चार दिवस झालं. चौथ्या दिवशी तिच्या मनात पाल चुकचुकली.

"मुद्दाम खोकलात तुम्ही!"

"मला काय हौस आलीय?"

"आलीच आहे. फोटो निघाला तर दवाखान्यात यावं लागेल ना!"

तो मफलर झटकून पुन्हा गळ्याभोवती गुंडाळत राहिला.

त्या दिवशी तिचं कामात चित्त लागेना. राग होताच, पण रागाच्या तळाशी भलतंच होतं. त्याने मुद्दामच केलेलं असू दे, असं तिला वाटत होतं. ढोंग असेल तर छाती साफ असेल. एका आजोबांना तिने "रोखून धरा" सांगितलं आणि पुढचं विसरलीच. आजोबा लालबुंद होऊन पुटपुटले, "बाई, सोडू का आता?"

पाचव्या सकाळी सहा बदकं बाहेर आली. खोकला नाही. आणखी जवळ आली. तरी नाही. डोळा कॅमेऱ्याला होता, पण कान मागे. बदकं इतकी जवळ की मानेवरची पांढरी रेघ दिसत होती, आणि तिला राहवेना. तिने मान वळवली.

त्याने मफलरचा बोळा तोंडात कोंबला होता आणि वरून दोन्ही हात दाबून धरले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खांदे हिसके देत होते. तिने पाहिलेलं कळताच त्याने हनुवटीने खूण केली : तिकडे बघ, तिकडे!

तिने वळून बटण दाबलं. त्याच क्षणी मागे खोकला फुटला आणि थांबेचना. बदकं कधी गेली, तिने पाहिलं नाही. ती त्याची पाठ चोळत होती.

उबळ ओसरल्यावर त्यानेच कॅमेरा ओढून घेतला. पडद्यावर सहा तपकिरी फराटे. एकालाही धड डोळा नाही.

"हललाय," ती म्हणाली.

त्याने बाहीने डोळे पुसले आणि फोटो बराच वेळ जवळून पाहिला.

"कुठे? चांगला आलाय की." त्याने स्टूल उचलून काखेत मारलं. "किती वाजता उघडतं तुझं दुकान?"