लाख लावलेला तरंगा
पोस्टात पार्सलावर लाख वितळू लागली की त्या वासाने मला युद्धाच्या वर्षांतला एक चैत्र दिसतो. बहिणीचे लग्न धसईला, गोरज मुहूर्तावर होते, आणि तिला बोहल्यावर नेणाऱ्या एकुलत्या एका मामाला आणायला मी शहापूरला गेलो होतो. परतताना मुरबाडच्या पुढे, मोहाच्या सावलीत, त्याची मोटारसायकल बंद पडली. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणाऱ्या पोकळ पितळी तरंग्याला चीर पडून आत पेट्रोल भरले होते; तो बुडाल्याने इंजिनात नको तितके पेट्रोल जात होते. नवा तरंगा महाग, आणि मुंबईशिवाय मिळत नसे. जवळच एक शेतकरी विळ्याचे पाते घट्ट बसवायला त्याच्या मुठीत तापलेली लाख ओतत होता. "बैल असता तं शेपटी पिरगाळली असती," तो म्हणाला. मामा त्या लाखेकडेच पाहत होता. त्याने गरम पाणी मागून तरंगा त्यात धरला. बुडबुड्यांनी चीर दाखवली, पेट्रोल निघून गेले. मग त्याने चिरेवर लाख चढवली. "टिकेल का हो, दादा?" मी शेतकऱ्याला विचारले. "विळा टिकतो, मंग तुमचा डबा सांजपत्तोर नाय टिकायचा?" आम्ही पोचलो तेव्हा भटजी घाई करत होते आणि बहीण मामाशिवाय उठायला तयार नव्हती. मामाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. पिवळ्या साडीवर काजळीची बोटे उमटली. तिने ती पाहिली आणि उठली. पुढे मी वार्ताहर झालो आणि पुष्कळ समारंभांच्या बातम्या लिहिल्या. तिथे कोण कोणासाठी थांबले होते, हे मी दर वेळी विचारले. छापले मात्र कधीच नाही.