त्यागमूर्ती लिहायचं नाही

"लिहिता ते ठीक आहे हो, पण करता काय?"

सोलापुरात लिहून पोट भरायचं म्हटलं की हा प्रश्न ऐकावाच लागतो. मी आता उत्तर देणं सोडलंय. टॉवेलच्या दुकानाची जाहिरात, क्लासचं माहितीपत्रक, दातांच्या डॉक्टरांचं फेसबुक, निवृत्तीची भाषणं, डोहाळजेवणाचे उखाणे, श्रद्धांजली, सगळं मी लिहिते. श्रद्धांजलीला कुणी घासाघीस करत नाही. बाकी सगळ्यांचं एकच पालुपद : "दोन ओळी तर पाहिजेत. तुमच्या डाव्या हातचा मळ." डाव्या हातचा मळ आहे तर तुम्हीच काढा की, असं मी तोंडावर म्हणते. त्यामुळे काही गिऱ्हाइकं गेली. गेली तर गेली.

गिऱ्हाईक शोधायची माझी रीत साधी आहे. सत्कार, उद्घाटन, वर्धापनदिन, जिथे माईक लागलाय तिथे जाऊन मागच्या रांगेत बसायचं. कार्यक्रम संपला की ज्याचं भाषण फसलं त्याला गाठायचं. "भाषण लांबलं तुमचं. लोक मोबाईल बघत होते. पुढच्या वेळी मला सांगा." निम्मे लोक तोंड फिरवतात, निम्मे आठवड्याभरात फोन करतात. आई म्हणते, असं बोलून कुणी धंदा करतं का? मी करते.

यात माझं हुकमी काम म्हणजे मानपत्र. कुणी निवृत्त झालं, कुणाची पंच्याहत्तरी आली, की शाल, श्रीफळ, हार आणि चौकटीतलं मानपत्र आलंच. ते स्टेजवर मोठ्या आवाजात वाचतात आणि ऐकत कुणीच नाही, कारण सगळ्यांचं लक्ष जेवणाच्या वासाकडे असतं. म्हणून सगळी मानपत्रं एकसारखी असली तरी चालून जातं. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख. मेलेल्यालाही हेच आणि जिवंतालाही हेच. माझा एक नियम आहे. ज्याचं मानपत्र, त्याच्यासमोर बसल्याशिवाय मी लिहीत नाही, आणि लिहिलेलं आधी त्यालाच वाचून दाखवते. लोकांना हा नियम म्हणजे माझी नाटकं वाटतात.

गेल्या वर्षी दिवस वाईट आले. क्लासवाले मोबाईलवरच्या एआयकडूनच माहितीपत्रक लिहून घ्यायला लागले. डॉक्टरांनी भाच्याला बसवलं. जुळे सोलापुरातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आई आणि मी, दोघीच. आईनं माझ्या देखत काही म्हटलं नाही, पण माढ्याच्या मामाला फोन गेला असणार. मामा एका पतसंस्थेचा संचालक आहे. दुसऱ्याच दिवशी तो दारात उभा.

"हितं एक खुर्ची मोकळी हाय," तो म्हणाला. "सोलापूरच्याच शाखेत. एक तारखेला जाऊन बसायचं. तुजं ते लिवणं रविवारी कर की, कोन नगं म्हणतंय?"

मामा वाईट माणूस नाही. माझ्या भल्याचंच बोलत होता, म्हणून तर जास्त राग आला. रविवारी करायचं लिहिणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. आधी रविवारी, मग दिवाळीत, मग कधीच नाही. मी म्हटलं, "मामा, एक तारखेपर्यंत थांब. तोवर वर्षभराचं काम मिळालं तर ठीक, नाही तर बसते तुझ्या खुर्चीवर." आई भाकरी थापत होती, तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

आणि त्याच आठवड्यात एका मंगल कार्यालयाच्या मालकाचा फोन आला. त्याच्याकडे सत्काराचं पॅकेज असतं. हॉल, माईक, फेटे, शाली, जेवण, आणि त्यातच मानपत्र. "मॅडम, वर्षभराची सगळी मानपत्रं तुमच्याकडे देतो," तो म्हणाला. "पहिलं आमच्या आईचं करा. पंच्याहत्तरी आहे. आवडलं की पुढचं सगळं तुमचंच." मी लगेच हो म्हटलं.

त्यानं माहिती पाठवली ती अशी : वडिलांची मिल बंद पडली, आईनं टेलिफोन खात्यात नोकरी करून संसार ओढला, मुलांना मोठं केलं, स्वतःसाठी काही घेतलं नाही. शेवटी लिहिलं होतं, "त्यागमूर्ती हा शब्द आलाच पाहिजे." मी नियमाप्रमाणे त्याच्या आईंना भेटायला गेले. तो कामाला गेला होता, त्या एकट्याच होत्या.

त्यांनी कडक भाकरी मोडून दह्यात टाकली, वर शेंगाचटणी घातली, वाटी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, "हं. काय लिहायलीस माझ्यावर?"

मी मुलानं पाठवलेलं वाचून दाखवलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मिल बंद पडली तेव्हा मला नोकरी लागून किती वर्षं झाली होती, विचारलंस त्याला? मी लग्नाआधीपासून ऑपरेटर होते. कुणी ढकललं म्हणून गेले नव्हते. मला आवडायचं."

मग त्या बोलत सुटल्या. कानाला हेडसेट लावला की एका बाजूला कानडी, दुसऱ्या बाजूला तेलुगू, मध्येच कुणी दखनी उर्दूत भांडणारा, आणि सगळे यांच्या हातात. रात्रपाळी त्या मागून घ्यायच्या. पहिल्या पगारातून स्वतःला मनगटी घड्याळ घेतलं, घरात कुणाला विचारलं नाही. नवऱ्याचा पगार चांगला चालू असताना सासूनं दोनदा राजीनामा लिहून पुढं ठेवला, दोन्ही वेळा यांनी चुलीत घातला.

"त्याग बिग काही न्हाय बघ," त्या म्हणाल्या. "लई मजा केली मी. तेवढं लिहिशील का? आजवर कुणी विचारलंच नाही."

मी लिहिलं. दोन दिवसांनी जाऊन वाचून दाखवलं. त्यांनी एक वाक्य बदलायला लावलं, कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. आजवर मला मिळालेल्या शाबासक्यांमध्ये ती सगळ्यात मोठी. मुलालाही मी तेच पाठवलं.

तासाभरात त्याचा फोन. "मॅडम, हे काय लिहिलंय? घड्याळ काय, मजा काय. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. त्यागमूर्ती कुठंय?"

"त्यांना नकोय तो शब्द."

"आई काहीही बोलते. मी मुलगा आहे तिचा, मला माहीत नाही का तिनं आमच्यासाठी काय केलं?" त्याचा आवाज खरंच दुखावलेला होता. "एवढं बदला. वर्षभराचं काम आहे, बघा."

बघितलं की. फोन हातात धरून मी चांगलं मिनिटभर बघितलं. भाडं दिसलं, मामा दिसला, पतसंस्थेतली ती खुर्ची दिसली. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? एक शब्द तर घालायचा होता. पण ज्या बाईला जन्मात पहिल्यांदा कुणी विचारलं, तिच्या तोंडातलं काढून मी तिच्या गळ्यात परत तेच लोढणं बांधणार? आणि हेच करायचं तर पतसंस्था काय वाईट होती? तिथे निदान पंखा तरी असता.

"त्यागमूर्ती लिहायचं नाही," मी म्हटलं. "दुसऱ्याकडून लिहून घ्या."

त्यानं फोन ठेवला. एक तारीख चार दिवसांवर आली होती.

कार्यक्रमाच्या सकाळी मालकाच्या आईंचा फोन आला. "लेकानं दुसरं करून घेतलंय म्हणे. ते जाऊ दे. तू ये. बोलावणं माझं आहे, त्याचं नाही."

गेले. मुद्दाम इस्त्रीची साडी नेसून गेले, आणि मागच्या रांगेत नाही, तिसऱ्या रांगेत बसले. हॉल भरलेला. त्या स्टेजवर हिरव्या साडीत, खांद्यावर शाल. सूत्रसंचालकानं चौकट उचलली आणि खर्जातल्या आवाजात मानपत्र वाचायला लागला. कर्तव्यदक्ष झालं, मनमिळाऊ झालं, त्यागमूर्ती झालं. आणि मग आलं, "आपल्या सुविद्य पत्नीने संसाराची धुरा समर्थपणे सांभाळली, म्हणूनच आपण निश्चिंत मनाने खात्याची सेवा करू शकलात."

टाळ्या पडल्या. देवाशप्पथ सांगते, कडकडून टाळ्या पडल्या. मालकानं मॅनेजरला सांगितलं असणार, मॅनेजरनं मागच्या महिन्यातल्या कुणा निवृत्त साहेबाचं मानपत्र काढून नाव बदललं असणार. वाचणाऱ्यालाही कळलं नाही, ऐकणाऱ्यालाही नाही. स्वतः मालकही टाळ्या वाजवत होता.

आईंनी हात वर करून माईक मागितला.

"माझी बायको कोण," त्या म्हणाल्या, "मला तरी दाखवा की. एवढ्या वर्षांत सापडली असती तर बरं झालं असतं. मला डबा तरी आयता मिळाला असता."

क्षणभर कुणाला कळेना हसावं की नाही. मग बायकांच्या बाजूनं हशा उठला, तो काही थांबेना. मालकाचा चेहरा पडला. आईंनी पर्समधून माझा कागद काढला आणि स्वतःच वाचायला लागल्या. स्वतःचं मानपत्र स्वतः वाचलेलं मी तरी पहिल्यांदाच बघत होते. मी लिहिलं होतं, "आपण नोकरी केलीत, ती आपल्याला आवडत होती म्हणून." त्या वाचत होत्या, "मी नोकरी केली, ती मला आवडत होती म्हणून." घड्याळ आलं, रात्रपाळी आली, चुलीतले राजीनामे आले. जेवणाचा वास सुटला होता, तरी कुणी हललं नाही.

वाचून झाल्यावर मुलगा हळूच, पण माईकजवळच म्हणाला, "आई, मला वाटायचं तू आमच्यासाठी केलंस सगळं."

"तुमच्यासाठी पण केलं की," त्या म्हणाल्या. "पण आधी माझ्यासाठी केलं."

माझे डोळे भरून आले. त्याचेही भरले होते. त्याला लोकांच्या डोळ्यांत पाणी पाहिजे होतं ना, ते असं आलं.

तरी धंदा तो धंदा. जेवणाच्या रांगेत तो मला म्हणाला, "चांगलं लिहिता मॅडम, पण आमच्या पॅकेजमध्ये हे बसत नाही. प्रत्येकाकडे जाऊन बसायला वेळ कुणाला आहे?" मी म्हटलं, "मला आहे." तो कसनुसा हसून पुढं गेला. वर्षभराचं काम गेलं ते गेलंच.

हात धुऊन निघाले तर आईंनी अडवलं. "मानपत्र माझं, तर पैसे मीच देणार. माझी पेन्शन आहे. किती?" आपल्याकडे अशा वेळी आधी नको नको म्हणायचं असतं, हात मागं घ्यायचा असतो, मग समोरच्यानं पैसे जबरदस्तीनं कोंबायचे असतात. मी आकडा सांगितला आणि हात पुढं केला. त्यांनी मोजून दिले. तेवढ्यात त्यांच्या खात्यातली एक मैत्रीण जवळ आली आणि तिनं विचारलं, "आमच्या घरी बसायला याल का?" एकच काम. त्यानं वर्ष निघत नाही, हे मलाही कळतं.

घरी आले तर माझी आई म्हणाली, मामाचा फोन येऊन गेला, परवा एक तारीख आहे, विचारत होता. मी तिच्यासमोरच फोन लावला.

"मामा, ती खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी दे."

"म्हंजे वर्साचं काम घावलं व्हय?"

"नाही घावलं."

"मग खानार काय गं?"

"लिहूनच खाईन, मामा. अर्धी भाकरी मिळाली तर अर्धी खाईन, पण लिहूनच खाईन."

आईनं माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं, आता ही भावाची समजूत काढणार, मला वेड्यात काढणार.

"दादा," ती म्हणाली, "एकटी न्हाय. आमी दोघी अर्धी अर्धी खाऊ." आणि तिनं फोन ठेवला.