ह्यांच्या अंगठ्यासाठी चेरी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर वाकडं, माफ करावं. चौथीतच शाळा सुटली. हे वाचणारी मीच, तरी माफी मागितलेली बरी.

आमचे हे लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवतात. बँडमास्तरांकडून उचल घेऊन घरावरचे पत्रे बदलले आणि नेमका लग्नसराईच्या तोंडावर ह्यांच्या पायाचा अंगठा सुजला. चादर लागली तरी ओरडायचे. ढोल गळ्यात अडकवून वरातीत चालणार कसे, अन् उचल फिटणार कशी?

डॉक्टर म्हणाले, युरिक ॲसिड वाढलंय. गोळ्या दिल्या. बियर, कोळंबी, सुकट बंद. पाणी भरपूर प्या, आवळा, लिंबू, दही खा. मिळाली तर चेरीही चांगली.

माझी नणंद पाचूबंदरला सुकी मासळी विकते. येताना भावासाठी सुकट आणायचीच. ती बंद म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. पुढच्या खेपेला मात्र हसत आली, हातात लाल चेरीची पिशवी.

"दादा, तुझं औषध आनलंय!"

ह्यांनी मुठीमुठीनं खाल्ली. जीभ लालभडक. मला बोलावं की गप्प बसावं कळेना. वालीवच्या कारखान्यात मी हेच काम करते. करवंदाच्या बिया काढायच्या, रंग घालून साखरेच्या पाकात शिजवायची, की झाली केकवरची चेरी. शेवटी पदराआडून म्हटलं, "ताई, ही करवंदं आहेत. यातल्या बिया मीच काढते."

नणंद हसत हसत खालीच बसली. "वहिनी, आधी नाय सांगायचं? अर्धी पिशवी गेली ना पोटात!"

हे म्हणाले, "कधी नव्हे ते तोंड उघडलं, तेही माझा खाऊ बंद करायला!"

मग नणंद आवळे आणू लागली. मी ते किसून दह्यात कालवायची, हे डोळे मिटून गिळायचे. गोळ्या चालूच होत्या. पुन्हा रक्त तपासलं तर युरिक ॲसिड उतरलेलं.

"गोळ्यांचा गुण," मी म्हटलं.

"आवळ्यांचा," नणंद म्हणाली. "गोळ्या काय मी नाय आनल्या!"

पहिल्या वरातीत हे ढोल घेऊन चालले, नुसते चालले नाहीत, नाचले. मी लग्नघराच्या फाटकाआड उभी राहून पायाकडेच बघत होते. लग्नसराई संपली तेव्हा ह्यांनी बँडमास्तरांच्या हातावर शेवटचे पैसे ठेवले. उचल सगळी फिटली.