यादीतला शेवटचा अंगठा
शाईच्या पॅडचा वास आला की शिनोलीपुढची ती वाडी आठवते. नव्वदच्या दशकात आमची संस्था तिथं बाळंतपणाच्या दवाखान्यासाठी अनुदान मागत होती आणि अर्जावर वाडीतल्या बायकांचे अंगठे हवे होते. भर दुपारी सगळ्या पांगल्यावर एक गरोदर बाई आली. नाव सांगून तिनं अंगठा उमटवला. हात गारठलेला होता. "ताई, दवाखाना लवकर आणा," एवढं बोलून ती गेली. संध्याकाळी यादी वाचताना अंगणवाडीच्या बाई थबकल्या. "ही तर आखाडात गेली. अडली व्हती, गाडी न्हाई मिळाली." खोटा अंगठा म्हणून अर्ज बाद झाला असता, तरी माझ्याच्यानं ते नाव खोडवलं नाही. अनुदान मिळालं, दवाखाना झाला. आता माझे केस पिकलेत, पण तिथल्या बाळंतिणीच्या खोलीत मी अजून एकटी थांबत नाही.