काठीवरच्या अकरा खुणा

कयाधूच्या पात्रातली ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी कळमनुरी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. वाळूउपसा बंद करा म्हणून एका गावची माणसं मेंढरांसह ट्रॅक्टरसमोर बसली होती. नवव्या दिवशी एका ट्रॅक्टरचालकाने फिर्याद दिली की म्हाताऱ्या मेंढपाळाने त्याला काठीने मारलं.

खबऱ्याकडून कळलं, काठी मेंढरांच्या वाड्यात लपवली आहे आणि मारलेल्या माणसागणिक म्हातारा तिच्यावर खूण कोरतो. आम्ही गेलो तेव्हा पात्रात दोन्हीकडची माणसं हातात दगड घेऊन उभी होती. म्हाताऱ्याला अटक केली तर दगड सुटणार, हे दिसत होतं.

काठीवर खरोखर अकरा खुणा होत्या. मी टेप लावून टोकापासूनचं प्रत्येक अंतर पंचनाम्यात लिहू लागलो. हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, काठीवर खुणा आहेत, एवढं लिहिलं तरी भागतंय." मी अकराही आकडे लिहिले. पहिल्या सात खुणा नऊ ते चौदा इंचांत होत्या. पुढच्या चार दूर-दूर सरकत चार फूट दोन इंचांवर गेल्या होत्या.

म्हाताऱ्याला अटक न करता जबाबापुरतं ठाण्यात आणलं आणि विचारलं, "बाबा, किती जणांना मारलं?"

"माणसं न्हाई मोजली साहेब. झिरा मोजला."

दर उन्हाळ्यात मेंढरांना पाणी पाजायला तो वाळूत झिरा, म्हणजे खड्डा, खणायचा, त्यात काठी उभी धरायचा आणि पाणी जितक्या खोलीवर लागेल तिथं खूण करायचा. वाळूच्या घाटाचा लिलाव सुरू होऊन, यंदाचा सोडला तर, चारच उन्हाळे झाले होते.

"यंदाची खूण कुठंय?"

"यंदा पुरी काठी गेली, पाणी लागलंच न्हाई. आता मेंढरं कसायाला द्यावं का? म्हणून बसून राहिलो."

चालकाचा वैद्यकीय दाखला मी पुन्हा वाचला. दोन्ही तळहात आणि गुडघे खरचटलेले, डोक्याला वा पाठीला काही नाही. त्याला एकट्याला बसवून विचारलं, काठीचा मार माणूस तळहात आणि गुडघ्यांवर कसा घेतो? त्याने तळहात मांडीखाली सरकवले. मग म्हणाला, "टॅक्टरवरून पडलो, साहेब. ठेकेदाराचा मुकादम म्हणला, काठीनं मारलं म्हण."

फिर्याद खोटी ठरवून मी अहवाल न्यायालयात पाठवला. गावकरी मात्र उठले नाहीत. पात्रातून ते जिल्हा कचेरीसमोर जाऊन बसले आणि माझ्या पंचनाम्याची नक्कल घाट बंद करण्याच्या अर्जाला जोडली. ठेकेदाराचा वकील गावाचं म्हणणं खोडू शकत होता, पोलिसांनी टेपने मोजलेले आकडे नाही. तो घाट बंद झाला. पुढच्या वर्षापासून जिल्ह्यात नियम आला: गावासमोर वाळूची खोली मोजल्याशिवाय लिलाव नाही.

काठी मी हत्यार म्हणून मोजली होती. तेव्हापासून ऐकलेल्यापेक्षा दिसलेलं आधी लिहायचं, ही सवय लागली. पण तो कागद माझ्या कपाटात निमूट पडला असता. उन्हात बसलेल्या माणसांनी त्याला कचेरीपर्यंत नेलं.

काठी परत देताना म्हातारबाने ती नखाने चाचपली. "बारावी खूण वर आली तर सांगतो," म्हणाला. तिसऱ्या उन्हाळ्यात तो ठाण्यात आला, काठी टेबलावर आडवी ठेवली आणि म्हणाला, "साहेब, टेप काढा."